ब्रिजखालची वायर

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या हातच्या कामामुळे माझी बायको मरायला टेकली होती. आमच्या वस्तीत मात्र ती माझ्यामुळे वाचली असं सांगतात. मी ते आजवर वस्तीतल्या कुणासमोर खोडून काढलेलं नाही. आता लिहायला बसलो आहे तर जसं झालं तसं लिहितो, कारण त्यांना तोंडाने सांगायची माझी छाती होत नाही.

मी भित्रा माणूस आहे. कुत्रा भुंकला की रस्ता बदलतो. गॅसचं सिलिंडर बदलायची वेळ आली की मला नेमकं बाहेरचं काम आठवतं. कुहीच्या एका शाळेत मी बाबू आहे आणि हेडमास्तरांच्या खोलीत शिरण्याआधी दोनदा घसा खाकरतो. बायको माझ्या अगदी उलट. ती बुटीबोरीला कापडाच्या कंपनीत तपासणीवर आहे. वाईट कापड पुढे ढकलायला सांगितलं तर सुपरवायझरच्या तोंडावर नाही म्हणते. घरात पाल निघाली की झाडू ती घेते आणि मी पलंगावर चढतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमच्या बौद्ध घरात ब्रह्मराक्षसाला कुणी मानत नाही, तरी माझ्यापाठी तो आहेच.

गिटार तिची. आमच्या विहारातल्या बायकांचं गाण्याचं पथक आहे: पेटी, ढोलक, खंजिरी. ती खंजिरी वाजवायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या मनाने घेतलं की पथकात गिटार पाहिजे, आणि ती कुणा पोराने नाही, तिनेच वाजवायची. वय वर्षं त्रेचाळीस. मोबाइलवर पाहून तिने सगळ्यात स्वस्त इलेक्ट्रिक गिटार मागवली, सोबत डालड्याच्या डब्याएवढा स्पीकर. मोबाइलवर पाहूनच शिकली. कंपनीच्या बसमध्ये ती डाव्या हाताची बोटं मांडीवर दाबत बसायची, म्हणजे सराव होतो म्हणे. वर्षभरात दहा-बारा गाणी तिच्या हातात बसली.

पण गिटार शेवटी स्वस्तातली. एक गाणं संपेपर्यंत सूर उतरायचा, खुंटी पिळली की आतल्या आत फिरायची, आणि स्पीकर लावल्याबरोबर एक भुणभुण सुरू व्हायची ती वायर काढेपर्यंत थांबायची नाही. विहारात तिने पहिल्यांदा वाजवली तेव्हा पेटीवाल्या मावशी म्हणाल्या, "काय वं, डब्ब्यात माश्या पाळल्या काय?" सगळ्या हसल्या. बायकोही हसली. घरी आल्यावर दारात चप्पल काढताना मात्र ती म्हणाली, "चौदा एप्रिलच्या जयंतीले मी खंजिरीच वाजवतो."

मला ते सहन झालं नाही. जिच्या जिवावर मी आयुष्यभर पलंगावर चढत आलो, ती बाई माशीच्या आवाजाने हरते म्हणजे काय? मी म्हणालो, "मी सुधारून देतो तुझी गिटार."

"तुमी?" ती म्हणाली. त्या एका शब्दात सगळं आलं.

मग दर रविवारी मी मागच्या खोलीत टेबलावर जुनी चादर अंथरून बसू लागलो. व्हिडिओत एक माणूस सांगत होता की अशा गिटारचं लाकूड बरं असतं, मार खाते ती बाकीच्या सामानात. मी सामान गोळा केलं. खुंट्या, आवाजाचे नॉब आणि वायर खोवायचा जॅक नागपूरच्या बर्डी बाजारातल्या दुकानातून आणले. तारांचा थरार पकडून स्पीकरकडे पाठवणारे चुंबकाचे पिकअप बाहेरून मागवले. डाग द्यायला सोल्डरिंगची कांडी आणली आणि तिच्याकडे बघत दोन रविवार नुसताच बसलो.

कशाकशाला भ्यायलो म्हणून सांगू? तार ताणताना तुटून डोळ्यात जाईल म्हणून बायकोचा गॉगल घातला. कांडीचा धूर छातीत जाईल म्हणून तोंडाला रुमाल बांधला. खुंट्यांची भोकं रुंद करायची होती, तर लाकूड चिरेल या धास्तीने ड्रिल न लावता कानशीने तासत बसलो, तीन रविवारच्या दुपारी. प्रत्येक वायर काढण्याआधी तिचे चार फोटो काढले. एकदा बायको डोकावली आणि म्हणाली, "हात काहून कापून राहिले तुमचे? गिटार हाय, बाळंतीण नाही." मी तिला दार लावून घ्यायला सांगितलं.

भुणभुणीचं कारण शेवटी सापडलं. गिटारच्या पोटावर जिथे तारा अडकवतात त्या लोखंडी पट्टीला ब्रिज म्हणतात. तिच्याखालून एक वायर लाकडातल्या बारीक भोकातून आत जाऊन जॅकच्या बाहेरच्या कड्याला जोडलेली असते. ती असली की तारांवर हात ठेवताच भुणभुण थांबते. आमच्या गिटारमध्ये भोक होतं, वायरच नव्हती. कारखान्यातल्या कुणीतरी कंटाळा केला होता. मी ब्रिज उचलला, खालचा रंग खरवडला, वायर ओवली आणि चांगला चकचकीत डाग दिला.

ती वायर लावताना मला भीती वाटली नाही. एवढ्या सगळ्या कामात भीती वाटली नाही असं ते एकच काम होतं. 

तारा चढवल्या आणि स्पीकर लावला. खोलीत काहीच ऐकू आलं नाही, इतकं की बायकोला वाटलं स्पीकर बंद आहे. मग तिने हात फिरवला आणि तो सूर असा स्वच्छ निघाला की ती एकदम थांबली. पुन्हा फिरवला. "अजी," ती म्हणाली, "तुमीच केलं हे?" लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्या आवाजात तिने मला कधी काही विचारलं नव्हतं. मी छाती फुगवून बसलो होतो, खोटं कशाला बोलू.

आता मी काय करून ठेवलं होतं ते सांगतो. आधी त्या तारा कशालाच जोडलेल्या नव्हत्या. भुणभुण होती, पण त्यांना हात लावण्यात काही धोका नव्हता. माझ्या वायरीमुळे त्या जॅकमधून स्पीकरच्या धातूच्या सांगाड्याला जोडल्या गेल्या, आणि स्पीकरच्या तीन पिनांच्या प्लगमधून भिंतीतल्या अर्थिंगला. अर्थिंग जमिनीत गेलेलं असलं तर ही गोष्ट चांगली. आमचं गेलेलं नव्हतं.

मागची खोली माझ्या वडिलांनी वाढवली होती. बाबा कोराडीच्या वीज केंद्रात होते, सगळी नोकरी तिथेच. रिटायर झाल्यावर त्यांनी या खोलीचं वायरिंग स्वतः केलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तीन पिनांचे दोन पॉइंट काढले, एक खिडकीशी कूलरसाठी आणि एक टेबलाशी. दोन्हींची अर्थिंगची हिरवी वायर एकत्र जोडली. ती अंगणात नेऊन, खड्डा करून, मीठ-कोळसा घालून पाइपला बांधायची राहिली होती. "खड्डा पावसाळा झाल्यावर करू," ते म्हणाले, आणि टोक गुंडाळून भिंतीत कोंबून दिलं. त्या पावसाळ्यातच त्यांच्या छातीने दगा दिला आणि ते गेले. भिंतीला नंतर रंग लागला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बाबा ते टोक कोंबत होते तेव्हा बॅटरी मी धरली होती. पुढे विसरलो, हे खरं. पण विसरलो म्हणजे माहीत नव्हतं असं होत नाही.

एप्रिल लागला तसा आम्ही कूलर बाहेर काढला. नागपुरात प्रत्येक घरात पोराला एक गोष्ट शिकवतात: कूलरला हात लावायचा तर आधी बोटांची उलटी बाजू लावायची. करंट असला तर तळहात आपोआप मिटतो आणि पत्र्याला धरून बसतो, उलटा हात झटकला जातो. बाबांनी मला हे चार वर्षांचा असताना शिकवलं होतं आणि मी ते पाळत आलोय. पण आमचा कूलर खिडकीबाहेर स्टँडवर. पाणी नळीने भरायचं आणि बटण आतल्या भिंतीवर, म्हणजे त्याला हात लावायची वेळच येत नाही. नवीन वाळा बसवला, पंप मागच्या वर्षीचाच टाकला. पंपाची वायर एका ठिकाणी सोललेली होती. कूलरच्या पत्र्यात करंट उतरला, तो हिरव्या वायरीने दुसऱ्या पॉइंटवर आला, तिथून स्पीकरमध्ये आणि स्पीकरमधून माझ्या चकचकीत डागापर्यंत. पुढे जमिनीत जायला त्याला वाटच नव्हती. हे सगळं मला नंतर कळलं.

आधी कळायची एक संधी मिळाली होती. कूलर लावल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बायको वाजवता वाजवता म्हणाली, "अजी, बोटांत मुंग्या आल्यावानी होऊन राहिलं." त्या वेळी तिच्या पायात चप्पल होती.

मी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "नवीन तारा आहेत वं," मी म्हणालो, "होईल सवय."

जन्मभर पानाच्या सळसळीला घाबरलेल्या माणसाने नेमक्या त्या दिवशी बेफिकिरी दाखवली. माझ्या कामात काही खोट असेल हे मला ऐकायचंच नव्हतं. तिनेही पुन्हा विषय काढला नाही. मी इतका खपलो होतो, मला वाईट वाटेल, म्हणून नाही काढला, असं तिने मग कधीतरी सांगितलं.

रविवार होता, दुपारचे दोन-अडीच. जयंती चार दिवसांवर आली होती. बाहेर अशी आग होती की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. बायकोने खोली गार व्हावी म्हणून फरशीवर पाणी टाकून पोछा मारला, आणि फरशी ओली असतानाच अनवाणी उभी राहून गिटार गळ्यात घातली. मी पलंगावर पडलो होतो. तिने पहिला हात मारला आणि स्पीकरमधून एक घरघर निघाली ती थांबेचना.

मी बघितलं. ती ताठ उभी होती, मान जरा वर, दात आवळलेले. डावा हात तारांवर घट्ट मिटलेला आणि उजवा ब्रिजवर. मला वाटलं, गाण्यातला काहीतरी नवा प्रकार करून बघते आहे. मग तिच्या टाचा दिसल्या. त्या फरशीवर थडथड उडत होत्या.

मी उडी मारून स्पीकरचं बटण बंद केलं. घरघर थांबली.

ती सुटली नाही.

माझ्या आयुष्यात त्याच्याइतकं भयंकर मी काही पाहिलेलं नाही. आवाज बंद, स्पीकरचा दिवा बंद, आणि तरी ती तशीच. करंट स्पीकरच्या बटणातून येतच नव्हता, तो मागून अर्थिंगमधून येत होता, हे आज मला माहीत आहे. तेव्हा एवढंच दिसत होतं की जे बंद करायचं ते मी बंद केलंय आणि माझी बायको माझ्यासमोर मरते आहे. कूलर घुंई घुंई चालू होता. तिच्या घशातून आवाज निघत नव्हता. डोळे मात्र उघडे होते आणि ते माझ्याकडे बघत होते.

मी हात पुढे केला. अर्ध्यात गेला असेल. मग मी तो मागे घेतला.

आणि मी मागे सरकलो. एक पाऊल, दुसरं पाऊल. कुठे चाललो होतो, काय करणार होतो, मला काही माहीत नाही. मेन स्विच आठवला नाही, प्लग आठवला नाही. तिच्यापासून लांब जायचं होतं, बस्स. तिसऱ्या पावलाला गिटारची वायर माझ्या घोट्यात अडकली आणि मी पाठीवर पडलो. माझ्या वजनाच्या झटक्याने वायर स्पीकरमधून उपसून आली. बायको गिटारसकट खाली कोसळली.

श्वास चालू होता. पुढचा तास शेजाऱ्यांचा, रिक्षाचा, दवाखान्याचा. छातीचा ईसीजी काढला, रात्रभर ठेवून घेतलं, सकाळी डॉक्टर म्हणाले सुटलात. डाव्या हाताच्या चार बोटांवर तारांच्या बारीक पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. मी त्या मोजत पलंगाशेजारी बसलो होतो आणि ती छताकडे बघत होती.

वस्तीतले जुने वायरमन दुसऱ्या दिवशी येऊन सगळं तपासून गेले. भिंत फोडून त्यांनी ते हिरवं टोक बाहेर काढलं आणि बराच वेळ मान हलवत राहिले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पण भाऊ, तुमी डोकं लावलं गा. माणूस चिपकलेला दिसला का लोकं धावत जाऊन धरतात, अन् दोघंबी जातात. तुमी हातच नाही लावला. सरळ वायर खेचली."

"हो," मी म्हणालो.

त्या एका होकाराने माझं वाटोळं केलं. वायरमननी ते पानठेल्यावर सांगितलं, तिथून ते विहारात गेलं. जयंतीच्या कार्यक्रमात पथकातल्या एका बाईने माइकवरून सांगितलं की आपल्या ताईंच्या मालकांनी प्रसंगावधान राखलं. टाळ्या पडल्या. मी उठून हात जोडले. बायको पथकात बसली होती, डाव्या हाताला पट्टी, उजव्या हाताने मांडीवर ताल धरलेला. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. एका हाताने वाजवता येत नाहीत, अशी मी मनाची समजूत घातली.

तेव्हापासून जी भीती बसली तिच्यापुढे आधीच्या सगळ्या पोरखेळ. तिचे डोळे उघडे होते. तिने किती पाहिलं? माझा हात पुढे येताना पाहिला, की मागे जातानाही? ती भाजी चिरता चिरता "अजी" म्हणाली की मी हातातला पेपर खाली ठेवायचो. मग ती म्हणायची, "मीठ द्या," आणि मी मीठ द्यायचो. कुहीहून परतताना मी मुद्दाम एक बस सोडायचो, म्हणजे ती तोवर झोपलेली असेल. ती झोपलेली नसायची. ताट झाकून वाट बघत बसलेली असायची, आणि मला वाटायचं, आज विचारते. तिने काही विचारलं नाही. महिनाभर काही विचारलं नाही.

मधल्या काळात अंगणात खड्डा झाला. मी स्वतः कुदळ मारली. मीठ-कोळसा घातला, पाइप पुरला आणि हिरवी वायर बांधली. वायरमननी बल्ब लावून दाखवला, करंट जमिनीत जातो म्हणजे काय ते. नवीन पंप आला. जरा करंट गळला तरी सगळं घर बंद करणारं एक बटण मीटरपाशी बसवलं. गिटार कपाटावर पिशवीत पडून होती. तिचा विषय कुणी काढत नव्हतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी खोलीत आलो तर पिशवी उघडी. बायको गिटार मांडीवर घेऊन बसली होती, वायर जोडलेली नव्हती. "लावू काय?" तिने विचारलं.

"आधी मी," मी म्हणालो.

मी फरशीवर पाणी ओतलं, चप्पल काढली आणि त्या पाण्यात उभा राहिलो. वायर जोडली, स्पीकर लावला, कूलर लावला. गिटार हातात घेतली, लाकडाला धरून.  आधी बोटाची उलटी बाजू तारांना लावली. काही नाही. मग तळहात ठेवला आणि मूठ मिटली. काही झालं नाही. मी तसाच उभा राहिलो, बराच वेळ. मूठ उघडायला मला जमत नव्हतं, आणि करंट तर नव्हताच.

ती चौकटीला टेकून बघत होती. "अजी," ती म्हणाली, "एक विचारू?"

मी मान हलवली.

"त्या दिवशी तुमी माह्याकडं येऊन राहिले होते, का मांगं सरकून राहिले होते?"

खोटं तयार होतं. ते सगळ्या वस्तीने माझ्यासाठी बनवून ठेवलं होतं, मला नुसतं होय म्हणायचं होतं. मी तारांकडे बघत म्हणालो, "मागे. मी पळत होतो. वायर पायात अडकली म्हणून तू वाचलीस."

ती पुढे आली, माझी बोटं एकेक करून तारांवरून सोडवली आणि गिटार स्वतःच्या गळ्यात घातली. वरची खुंटी जराशी पिळली, ऐकलं, पुन्हा पिळली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी असती तं मीबी मांगंच सरकली असती."

बायको खोटं बोलत नाही. एकोणीस वर्षांत मी तिच्या तोंडून एक खोटी गोष्ट ऐकली नव्हती. ती मागे सरकली नसती. धावत आली असती, दोन्ही हातांनी तिने मला कवटाळलं असतं, आणि आम्ही दोघंही त्या ओल्या फरशीवर मेलो असतो.